अनुमान करणाऱ्याचा अपराध

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. बंगाली नववर्षाला आठवडा उलटला होता. इथला बैशाख सौर महिना असल्याने एप्रिलच्या मध्यालाच सुरू होतो, आपला वैशाख बहुधा त्याच्या मागून येतो. कोलकात्यात अठरा वर्षं काढूनही हे दोन महिने मनात जुळवत बसण्याची माझी सवय गेलेली नाही.

मुलगा तेव्हा मैदानावर क्रिकेट शिकायला जायचा. दर शनिवार-रविवार दुपारी चार ते सहा. मी गवतावर चादर पसरून हातातलं भाषांतर तपासत बसायची. मैदान म्हणजे शहराच्या मधोमध पसरलेलं मोठं गवताळ रान. पश्चिमेला फोर्ट विल्यम आणि त्यापलीकडे गंगा, पूर्वेला चौरंगीच्या इमारती. दिवसभर तिथे घोडे, शेळ्या, मेंढ्या चरत असतात. एक म्हातारे बिहारी गृहस्थ रोज शेळ्या घेऊन यायचे. आमची ओळख नमस्कारापुरतीच होती.

त्या दिवशी साडेचारलाच त्यांनी शेळ्या गोळा करायला घेतल्या. एरवी अंधार पडेपर्यंत ते हलत नसत. माझ्या शेजारून जाताना म्हणाले, "बहनजी, हवा रुक गई है. चीलें भी नीचे आ गईं. हम तो चले." मी मान वर करून पाहिलं. वारा खरंच पडला होता. दुपारभर दक्षिणेकडून येणारी समुद्राची झुळूक थांबली होती. घारी खाली उतरल्या होत्या. हावड्याच्या बाजूला आभाळाच्या कडेला काळपट रेघ होती, पण तिकडे नेहमीच धुरकट असतं.

त्यांचं बोलणं मुलांच्या प्रशिक्षकाच्याही कानावर गेलं असावं. त्याने लांबूनच हाक मारली, "दिदी, फोन की बोलछे?" फोन काय म्हणतोय? मी फोन पाहिला. सात वाजेपर्यंत पावसाची शक्यता दहा टक्के. मी ओरडून सांगितलं, "किछू ना." काही नाही.

पुढच्या पंचवीस मिनिटांत आभाळ काळंनिळं झालं. आधी थंड वाऱ्याचा झोत आला, मग धूळ, मग काहीच दिसेना. मुलं धावत जवळच्या गुलमोहराखाली गेली. वादळात झाडाखाली थांबू नये हे सगळ्यांना पाठ असतं, पण उघड्या माळावर धावणाऱ्या मुलांना पाठ केलेलं आठवत नाही. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ. एक फांदी मोडली आणि अकरा वर्षांच्या एका मुलाच्या हातावर पडली. मनगटाच्या वरचं हाड मोडलं. तो माझा मुलगा नव्हता.

मला कुणीही बोललं नाही. प्रशिक्षक म्हणाला, कालबैशाखी अशीच येते. मुलाची आई म्हणाली, नशीब की हातावरच निभावलं. दोघांनाही माझं "किछू ना" आठवत नसावं. मला मात्र ते विसरता आलेलं नाही. तेव्हापासून एक प्रश्न मी अनेक बाजूंनी तपासून पाहते आहे. निसर्गाची खूण चुकीची वाचली, तर ती फक्त चूक असते, की अपराधही असू शकतो?

स्वतःला सोडवण्याच्या दोन वाटा लगेच दिसतात. पहिली म्हणजे मी हवामानतज्ज्ञ नाही. दुसरी म्हणजे मी माझं मत दिलं नाही, फोनवर होतं ते सांगितलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तरी दोन्ही पुऱ्या पडत नाहीत.

इंग्रज गणितज्ञ क्लिफर्ड याने १८७७ मध्ये श्रद्धेच्या नीतीविषयी एक निबंध लिहिला. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं झालंय, दुरुस्ती हवी आहे, हे त्याला कळतंय. पण खर्च टाळायचा म्हणून तो स्वतःची समजूत घालतो की इतक्या सफरी झाल्या, ही पण होईल. हळूहळू त्याचा त्यावर मनापासून विश्वास बसतो. जहाज बुडतं. क्लिफर्डचं म्हणणं असं की तो दोषी आहे, आणि जहाज सुखरूप पोचलं असतं तरीही तो तेवढाच दोषी ठरला असता. कारण प्रश्न विश्वास खरा ठरला की खोटा हा नाही. समोर जो पुरावा होता त्यावर तसा विश्वास ठेवण्याचा त्याला अधिकार होता का, हा आहे. क्लिफर्ड स्वतः १८७० मध्ये सिसिलीजवळ जहाज फुटून त्यातून वाचला होता, त्यामुळे ही गोष्ट त्याला हवेतून सुचली नसावी.

क्लिफर्ड पटतो, पण माझ्या प्रकरणाला तो जरा सैल बसतो. जहाजमालकाला पैसे वाचवायचे होते. मला काय वाचवायचं होतं? प्रामाणिकपणे सांगायचं तर हातातलं पान. दीड पान उरलं होतं आणि उठायचा कंटाळा आला होता. स्वार्थ लहान होता, तरी तो स्वार्थच होता.

माझ्या प्रश्नाला जास्त नेमका बसणारा विचार मला घराजवळच सापडला. कोलकात्यापासून शंभरेक किलोमीटरवर, गंगेकाठी नवद्वीप आहे. नव्यन्यायाच्या अभ्यासाचं हे मोठं पीठ. बंगालमधल्या या न्यायपरंपरेवरच्या एका लेखाचं मी तेव्हा मराठी करत होते. मैदानावर मांडीवर होतं ते पान त्याचंच. नव्यन्यायाच्या कितीतरी आधीच्या, गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमानाची चर्चा आहे. दुसऱ्या अध्यायात तिथे एक आक्षेपक उभा राहतो, आणि त्याची उदाहरणं सगळी पावसापाण्याची आहेत.

तो म्हणतो, अनुमान हे ज्ञानाचं साधनच नव्हे. नदी फुगलेली पाहून तुम्ही म्हणता वर पाऊस झाला, पण पाणी कुठे अडल्यामुळेही नदी फुगते. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या की म्हणता पाऊस येणार, पण कुणी वारूळ मोडल्यामुळेही मुंग्या अंडी हलवतात. मोर ओरडला म्हणता, पण माणूसही मोराचा आवाज काढू शकतो. खुणा फसवतात, मग त्यांच्यावर भरवसा कसा ठेवायचा?

सूत्रकाराचं उत्तर आहे की तुम्ही खूण म्हणून धरलंत ती खूणच नव्हती. वात्स्यायनाच्या भाष्यात ते उलगडून सांगितलं आहे. नुसती नदी फुगली म्हणजे पाऊस झाला, असं जाणता माणूस म्हणत नाही. प्रवाहाला ओढ आहे, फेस आहे, पाण्यातून फळं, पानं, लाकडं वाहत येताहेत, हे सगळं पाहून तो म्हणतो. मुंग्यांचंही तसंच. घाबरून पळणाऱ्या मुंग्या वेगळ्या आणि शांतपणे, जागोजागी अंडी हलवणाऱ्या मुंग्या वेगळ्या. ज्याने अर्धवट पाहिलं आणि पूर्ण निष्कर्ष काढला, तो चुकला. दोष अनुमानाकडे जात नाही, अनुमान करणाऱ्याकडे जातो.

इथे भाष्यकार जो शब्द वापरतो तो 'अपराध' आहे. त्या पानावर मी त्याचं मराठी 'चूक' असं केलं होतं. आजच्या मराठीत अपराध म्हटलं की पोलीस आणि न्यायालय आठवतं, आणि तर्कशास्त्रातल्या चुकीला एवढा भारी शब्द कशाला, असं मला वाटलं होतं. संस्कृतात या धातूचा एक जुना अर्थ नेम चुकणं असा आहे. ज्याचा बाण लक्ष्याला लागत नाही, तो अपराद्ध. या अर्थाने 'चूक' चालून जातं. पण नेम चुकलेला बाण नाहीसा होत नाही. तो दुसरीकडे कुठेतरी लागतो.

आता माझं निरीक्षण किती अर्धवट होतं ते सांगते. मार्च ते मे या काळात बंगालच्या उपसागरावरून दमट, उबदार हवा दक्षिणेकडून आत येते. तिच्या वर पश्चिमेकडून आलेली कोरडी हवा असते. छोटा नागपूरच्या पठाराकडे दुपारच्या तापीने ढग उंच चढतात आणि वादळ गंगेच्या खोऱ्याकडे, म्हणजे आग्नेयेला सरकत येतं. शहरात ते वायव्येकडून पोचतं, म्हणूनच इंग्रजांनी त्याला 'नॉरवेस्टर' म्हटलं. पोचण्याआधी दक्षिणेची झुळूक बऱ्याचदा थांबते. शेळ्या राखणाऱ्या त्या गृहस्थांनी मला नेमकं तेच सांगितलं होतं.

आणि मी काय केलं? मान वर केली तेव्हा मी ईशान्येकडे जास्त निरखून पाहिलं. हे लिहितानाही लाज वाटते. बंगाली साहित्यात संकट येतं ते ईशान कोपऱ्यातून. ईशान कोपऱ्यात मेघ, हा येणाऱ्या अरिष्टासाठी रूढ वाक्प्रचार आहे आणि भाषांतरात तो मी अनेकदा मराठीत आणला आहे. चौरंगीच्या वरचं आभाळ स्वच्छ होतं, माझं समाधान झालं. खरी रेघ वायव्येला होती. त्या दिशेचं नावच वायूवरून आलेलं आहे. पुस्तकात भेटलेली खूण मी समोरच्या आभाळावर लादली.

म्हणून परंपरेकडे चला, फोन फेकून द्या, असा याचा निष्कर्ष मी काढत नाही. परंपरेतल्या खुणाही कुणीतरी कुठेतरी केलेल्या निरीक्षणांच्या असतात. त्या दुसऱ्या जागी नेल्या, की अर्धवट होतात. आपल्याकडे सहदेव-भाडळीच्या नावावर पावसाचे ठोकताळे आहेत. बंगालमध्ये खनेची वचनं आहेत. भाडळी देशावर किती खरी ठरते हे देशावरच्या माणसाने सांगावं. मैदानावर तिचा उपयोग मर्यादितच.

आणि काही आभाळं अशी असतात की ती खालून वाचताच येत नाहीत. ५ ऑक्टोबर १८६४ रोजी या शहरावर चक्रीवादळ आलं. समुद्राची लाट हुगळीतून वर शिरली. अंदाजे साठ हजार माणसं मेली. त्यानंतरच्या वर्षी कोलकाता बंदरात वादळाची सूचना देणारे बावटे सुरू झाले आणि १८७५ मध्ये भारतीय हवामान खातं स्थापन झालं. त्याचं मुख्यालय इथेच होतं. पुढे सिमल्याहून १९२८ मध्ये ते पुण्याला आलं आणि मग दिल्लीला गेलं. २० मे २०२० ला आम्फान आलं तेव्हा आम्हाला चार दिवस आधीपासून माहीत होतं. आम्ही खिडक्यांना चिकटपट्ट्या लावल्या, पाणी भरून ठेवलं. सुंदरबनातून लाखो लोकांना आधीच हलवलं गेलं. घारी आणि मुंग्या ते काम करू शकल्या नसत्या. बंदरावरचा बावटाही एक खूणच. फरक इतका की तो चढवणाऱ्यावर जबाबदारी असते.

या शहरात हेन्री पिडिंग्टन नावाचा एक माणूस होऊन गेला. जहाजांच्या नोंदवह्या गोळा करून तो वादळांचा अभ्यास करायचा. १८४८ मध्ये त्याने खलाशांसाठी पुस्तक लिहिलं. सापाच्या वेटोळ्यावरून 'सायक्लोन' हा शब्द त्यानेच घडवला. पुस्तकाबरोबर शिंगाच्या पारदर्शक चकत्या होत्या. नकाशावर त्या ठेवून वाऱ्याच्या दिशेवरून वादळाचा मध्य कुठे असेल ते कप्तानाने ताडायचं. १८५३ मध्ये त्याने गव्हर्नर जनरल डलहौसीला पत्र लिहून बजावलं की मातला नदीवर नवं बंदर बांधू नका, एखाद्या वादळात समुद्र ते घेऊन जाईल. बंदर बांधलं गेलं. पिडिंग्टन १८५८ मध्ये वारला. १८६७ च्या नोव्हेंबरात वादळाने पोर्ट कॅनिंग उद्ध्वस्त केलं.

पिडिंग्टनचं कुणी ऐकलं नाही, हा दोष त्याचा नाही. त्याने पाहिलं आणि ते स्वतःच्या सहीने सांगितलं. माझं उलट झालं. मला विचारलं गेलं, माझं ऐकलं गेलं, आणि मी चुकीचं सांगितलं.

कारण मागे वळून पाहता फोनही खोटं बोलला नव्हता. दहा टक्के म्हणजे 'नाही' नव्हे. अशा दहा दुपारींपैकी एखाद्या दुपारी पाऊस येतो, असा त्याचा अर्थ. मी त्या दहा टक्क्यांचं भाषांतर 'किछू ना' असं केलं. गेली वीस वर्षं मी भाषांतरं करते. मूळ मजकुरात 'कदाचित' असेल तिथे मराठीत 'नक्की' लिहिलं तर ती गंभीर चूक, हे मी नव्या भाषांतरकारांना शिकवते. त्या दुपारी माझ्यासमोर दोन मूळ मजकूर होते, एक आभाळाचा आणि एक फोनचा. एक मी वाचला नाही आणि दुसरा चुकीचा उतरवला. तज्ज्ञ नसणं हा बचाव इथे चालत नाही, कारण मी चुकले ते माझ्याच कामात.

खूण वाचून दुसऱ्याला सांगणं हे भाषांतरच असतं. ऐकणाऱ्याला मूळ भाषा येत नाही, म्हणून तर तो विचारतो. त्याला पडताळून पाहता येत नाही, म्हणून सांगणाऱ्यावरचा भार वाढतो.

यावर एक रास्त आक्षेप आहे. प्रत्येक चुकलेल्या अंदाजाला अपराध म्हणायला लागलो, तर लोक गप्प बसतील. किंवा स्वतःवर काही येऊ नये म्हणून रोजच वादळ आलं म्हणून ओरडतील. बंदरावर रोज बावटा चढला तर तो बावटा राहत नाही. खनेची गोष्ट याच भीतीची आहे. तिचे अंदाज सासरे वराहमिहिर यांच्यापेक्षा अचूक ठरू लागले म्हणून तिची जीभ कापली गेली, असं लोककथा सांगते. अचूक सांगणाऱ्याची ही गत, तर चुकणाऱ्याने तोंड उघडावं कशाला?

याचं उत्तर शोधताना मला आमचे आबा आठवतात. आबा म्हणजे आईचे वडील. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात त्यांची कोरडवाहू जमीन होती. गावात पावसाचं त्यांना विचारलं जायचं. चंद्राचं खळं, कावळ्याचं घरटं, मृगाचा किडा, पावशाचं 'पेरते व्हा', सगळं ते पाहायचे. मी आठेक वर्षांची असताना एका मृगात दोन चांगले पाऊस झाले. शेजारच्या शेतकऱ्याने दारात येऊन विचारलं, "आबा, पेरू का?" आबा म्हणाले, "पेर." त्याने बाजरी पेरली. मग तीन आठवडे पाऊस नाही. उगवलेलं करपून गेलं.

पुन्हा पाऊस झाला तेव्हा आबांनी आमची कणगी उघडली आणि दोन पायल्या बाजरी त्याच्या घरी नेऊन दिली. आजी म्हणाली, "तुम्ही का पाऊस थांबवलात?" आबा म्हणाले, "थांबवला न्हाई. पण 'पेर' म्या म्हणलो." तो शेतकरी नको नको म्हणत होता. आबा बाजरी उंबऱ्यावर ठेवून परत आले. दुसऱ्या वर्षी त्याने आबांनाच विचारलं. त्या वेळी आबांनी उत्तर थोडं वेगळं दिलं. काय काय पाहिलं ते एकेक सांगितलं आणि म्हणाले, "मला असं दिसतंय. निम्मं पेर, निम्मं ठेव."

आबांचा अंदाज चुकला तेव्हा त्यांनी पाहण्यात कसूर केली होती, असं मला वाटत नाही. क्लिफर्डच्या कसोटीवर ते कदाचित निर्दोष सुटतील. तरी त्यांनी बाजरी दिली, कारण शब्द त्यांचा होता. आणि गप्प बसण्याचा किंवा ओरडण्याचा मार्ग त्यांनी घेतला नाही. निष्कर्षाबरोबर त्यांनी निरीक्षणही सांगितलं, म्हणजे ऐकणाऱ्याला स्वतः तोलून पाहता आलं. शेळ्यांचे ते गृहस्थही असंच बोलले होते. वादळ येणार, असं ते म्हणालेच नाहीत. वारा थांबला, घारी उतरल्या, आम्ही निघालो, एवढंच म्हणाले. काय पाहिलं ते सांगितलं आणि आपल्यापुरतं काय ठरवलं तेही सांगितलं. उरलेलं माझ्यावर सोडलं. आक्षेपाला माझ्याकडे यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

फोनबद्दल माझी तक्रार असलीच तर ती इतकीच, की त्याच्याकडे कणगी नसते. अंदाज बांधणारे लोक दूर असतात, आणि ते त्यांचं काम चोख करतात. पण त्यांचा आकडा माझ्या तोंडून बाहेर पडला की तो माझा शब्द होतो, आणि 'फोन म्हणाला' असं म्हणून मला तो परत करता येत नाही. आता माझ्या फोनमध्ये 'दामिनी' आहे. जवळपास वीज पडते आहे का ते ती दाखवते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ती तयार केली आहे. मी ती पाहते आणि वायव्येकडेही पाहते. कुणी विचारलं तर दोन्हीकडे काय दिसतंय ते सांगते. यात वेळ जातो आणि माझं उत्तर ऐकून लोक थोडे कंटाळतात.

त्या मुलाच्या घरी मी तीन आठवड्यांनी गेले. त्याच्या आईला सांगितलं की वादळाआधी मला विचारलं होतं आणि मी काही नाही म्हटलं होतं. तिला ते माहीत नव्हतं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दिदी, चहा घ्या." त्याला क्षमा म्हणायचं की आणखी काही, ते मला कळलं नाही आणि मी ते विचारलंही नाही. मुलगा प्लास्टरवर मित्रांच्या सह्या घेत बसला होता. त्याने माझ्याकडेही पेन दिलं.

घरी येऊन मी ते पान काढलं. न्यायभाष्याच्या त्या ओळीतला 'चूक' हा शब्द खोडला आणि तिथे 'अपराध' लिहिला. संपादकांनी समासात विचारलं होतं की शब्द जरा जड होतोय का. मी लिहिलं, होतोय, राहू द्या.